तात्यांचं गाऱ्हाणं आणि मेघनाचं लिनक्स

लालबागला कोकणातल्या धामणवळच्या ग्रामस्थ मंडळाची जी खोली आहे, तिच्यात एके काळी माणसं पाळीपाळीनं झोपत. गिरणीत जशी पाळी, तशीच झोपेचीही. एक उठून कामाला गेला की त्याच्या गरम वळकटीवर दुसरा आडवा व्हायचा. आता गिरण्या गेल्या, धामणवळकर डोंबिवली-विरारपर्यंत पांगले आणि भिंतीलगतच्या ट्रंकांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या, कॅरम बोर्ड आणि एक कॉम्प्युटर आला. हा कॉम्प्युटर चालतो मेघना कुबलमुळे आणि बंद पडतो तोही तिच्यामुळेच, असं मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र म्हणतो. यातली पहिली गोष्ट शंभर टक्के खरी आहे. दुसरी एकदाच खरी ठरली, आणि तीच इथे सांगायची आहे.

मेघना दादरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची असिस्टंट. पन्नाशी ओलांडलेली, बोलायला फटकळ, आणि हरणं ठाऊक नसलेली बाई. तिच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण स्क्रू ड्रायव्हर असतो आणि सुपारीच्या जुन्या डबीत एक पेन ड्राइव्ह असतो. मंडळाला कुणाच्या तरी ऑफिसातून हा टाकाऊ कॉम्प्युटर मिळाला तेव्हा तो चालू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा, की लोक बटण दाबून चहाला जात. भंगारवाल्याला बोलवायचं ठरत होतं. मेघनानं तो एका रविवारी उघडला, आतली धूळ बाहेर गॅलरीत झटकली, त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घातलं आणि त्याच दुपारी मंडळाची पत्रिका त्यावर टाइप करून दाखवली.

तेव्हापासून ती त्या यंत्राची सुईण, डॉक्टर आणि सासू झाली. पडद्यावरचा पेंग्विन, म्हणजे लिनक्सची खूण, पाहून पितृपक्षात एका म्हातारीनं "हो कावळो हय कित्याक बसलोहा?" असं विचारलं, तेव्हा तिला समजावलं मेघनानं. प्रिंटर कागद गिळायचा, तो उलटा करून त्याच्या पोटातून कॅरमची सोंगटी काढली मेघनानं. कुणी 'फाइल गेली' म्हणून हंबरडा फोडला की ही शांतपणे 'डाउनलोड्स'चं फोल्डर उघडून द्यायची आणि वर चार शब्द ऐकवायची. आणि प्रत्येक गोष्टीला हा पासवर्ड का मागतो, असं हितेंद्रनं कुरकुरत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "गावात पालखीला कुणीही खांदा देतो काय रे? मानकरी लागतो ना? मग इथे मानकरी मी." हितेंद्रला ते पटलं, पण आवडलं नाही.

हितेंद्र स्वभावानं वाईट नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसत नाही, एवढंच. "फुकटचं सॉफ्टवेअर गं ते, कधीतरी दगा देणारच," हे त्याचं पालुपद. त्यामुळे त्या यंत्रात काही बिघडलं, की मेघनाला ते स्वतःच्या अंगावर आल्यासारखं वाटायचं.

आता तात्यांविषयी. तात्या घाडी म्हणजे धामणवळचा आवाज. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. धामणवळला रवळनाथाच्या जत्रेचं गाऱ्हाणं पिढ्यान् पिढ्या घाड्यांचं. तात्या गिरणीत होते तेव्हाही जत्रेला रजा टाकून जायचे, गिरणी गेल्यावरही जायचे. या वर्षी पावसाळ्यात ते जिन्यावर घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गावचा प्रवास साफ बंद केला.

हाड जुळत आलं, पण माणूस मिटत गेला. मंडळाच्या खोलीच्या शेजारीच त्यांचं बिऱ्हाड. सून श्रेया रोज ताट वाढायची आणि अर्धं तसंच उचलायची. गावाहून निरोप आला होता, की तात्या येत नसतील तर धोंडू उभा राहील. धोंडू म्हणजे तात्यांचाच चुलत पुतण्या, भला माणूस. पण तात्यांनी तो निरोप ऐकला तो अंत्ययात्रेचा निरोप ऐकावा तसा. एकदा माणूस उभा राहिला की पुढच्या वर्षीही तोच उभा राहतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका संध्याकाळी ते मेघनाला म्हणाले, "माका गावात नेवा, नायतर गाव हय आणा. दोनातला एक करा. नायतर माझा संपला."

त्यांनी ते रागानं म्हटलं होतं. मेघनानं ते शब्दशः घेतलं.

"गाव इथे आणते तात्यानू," ती म्हणाली. आणि लागली कामाला.

मोबाइलवर बोलून भागलं असतं, असं कुणालाही वाटेल. हितेंद्रलाही वाटलं होतं, आणि गणपतीत त्यांनी तसं करूनही पाहिलं होतं. पण मोबाइल फार शहाणा. एका माणसाचा आवाज तो खरा धरतो, आणि भोवतालच्या माणसांनी एकदम तोंड उघडलं की तो गोंगाट समजून गिळून टाकतो. परिणाम असा झाला, की गाऱ्हाण्यातलं गाऱ्हाणं ऐकू आलं आणि "व्हय म्हाराजा" नाहीसं झालं. तात्या तेव्हा वैतागून म्हणाले होते, की होकारच नसेल तर देवाशी भांडण चाललंय असं वाटतं. मेघनानं मग कॉम्प्युटरवर ती गोंगाट गाळायची सोय शोधून बंद केली. गावात बालवाडीची शिक्षिका प्रिती होती. तिच्या लॅपटॉपवरही फोनवरून सांगत सांगत तेच केलं. कॉम्प्युटरच्या माथ्यावर बसवायला एक कॅमेरा आणला, त्यातच माइक होता. दसऱ्याच्या आधी एकदा चाचणी झाली. गावातला कोंबडा आरवला तो लालबागच्या खोलीत इतका स्वच्छ ऐकू आला, की तात्या खुर्चीतून पुढे सरकून बसले आणि त्या रात्री भात मागून घेतला, असं श्रेयानं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मग जत्रेचा दिवस उजाडला.

रविवार होता. विरारहून, कळव्याहून माणसं आली होती. गॅलरीत चपलांचा ढीग. आत काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास दरवळत होता आणि वडे तळायला घेतले होते. तात्यांचं धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात नारळ. वॉकर बाजूला ठेवून ते कॉम्प्युटरसमोर ताठ बसले. पडद्यावर देवळाचा सभामंडप दिसला, झेंडूची तोरणं दिसली, प्रितीचा हसरा चेहरा दिसला. दुपारी पालखी निघणार, त्याआधी गाऱ्हाणं.

"प्रिती, ऐकाक येता काय गो?" तात्यांनी विचारलं.

प्रितीनं कपाळाला आठ्या घातल्या. "तात्यानू, काय एक समजणा नाय. तुमचो आवाज विहिरीतसून येता!"

मेघना हसली. असं होतंच. तिनं आवाजाची सेटिंग्ज उघडली. कधी कधी कॉम्प्युटर आपलाच माइक सोडून भलत्याच पिनेकडे कान देऊन बसतो. पण इथे तसं नव्हतं, यादीत कॅमेऱ्याचाच माइक निवडलेला होता. फक्त आवाजाबरोबर हलणारी ती हिरवी पट्टी हलत नव्हती. तात्या गरजले तरी ती एखाद्या आळशी गोगलगायीसारखी जेमतेम सरकायची. मेघनानं आवाज वर चढवला. प्रिती कानांवर हात ठेवून ओरडली, "ताई, नुसता घर्र घर्र!"

खोलीतली कुजबुज वाढली. कुणी म्हणालं वायर हलवा. वायर हलवली, दुसऱ्या खाचेत लावली. कुणी म्हणालं इयरफोन जोडा. पण कॉम्प्युटरची इयरफोनची खाच कधीचीच तुटलेली. हितेंद्रनं कानातले बिनवायरचे इयरफोन काढून दिले, तर त्या जुन्या यंत्राला ब्लूटूथच नव्हतं.

आणि इथे मेघनाला स्वतःचाच संशय आला. कारण चारच दिवसांपूर्वी तिनं त्या कॉम्प्युटरवर अपडेट टाकलं होतं. जत्रेला सगळं ताजंतवानं असावं म्हणून. चालत्या गाडीला हात लावू नये हे लॅबमध्ये पोरांना हजारदा सांगणारी बाई, आणि स्वतः मात्र हौस आवरता आली नव्हती.

"तू काही केलंस काय?" हितेंद्रनं विचारलं.

"अपडेट केलं," ती म्हणाली. लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"झालं! सांगत होतो. फुकटचं ते फुकटचंच. सोड यार, मोबाइल लावू."

"'व्हय' खाऊन टाकेल तो!"

"मग धोंडूला उभं राहू दे. देव काय खोळंबणार आहे?"

हे तो हळूच म्हणाला, पण तात्यांनी ऐकलं. मांडीवरचा नारळ त्यांनी टेबलावर ठेवून दिला आणि हात रिकामे करून बसले. मेघनाला ते बघवेना. हितेंद्रचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण तिला स्वतःचाच आला होता. पडद्यावर धोंडू दिसत होता, नवी लुंगी, हातात नारळ, देवळाच्या खांबाशी उभा. प्रितीनं सांगितलं, भटजी म्हणतायत की थोडं थांबू, पण फार नाही.

मेघनानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. लिनक्समध्ये एक चांगली सोय असते. नवीन आलं तरी जुनं लगेच हाकलून देत नाहीत, सुरू करताना आधीचं निवडता येतं. तिनं आधीचं निवडलं. पट्टीची गोगलगाय जागची हलेना. मग तिनं पर्समधून सुपारीची डबी काढली. त्या पेन ड्राइव्हवर एक आख्खं वेगळं लिनक्स होतं, कोरं, कुणाचा हात न लागलेलं. आतल्या सॉफ्टवेअरला न उठवता कॉम्प्युटर त्यावरून चालवता येतो. त्यावरही माइक बहिराच निघाला, तर दोष अपडेटचा नाही, लिनक्सचा नाही, वस्तूचाच आहे. सगळी खोली मान वाकवून पडद्याकडे बघत होती. वडे तळणाऱ्या बाया झारा हातात घेऊन आल्या होत्या.

कोऱ्या लिनक्सवरही पट्टी जेमतेम सरकली.

"माझं अपडेट नाही!" मेघना इतक्या मोठ्यानं ओरडली, की खालचा इस्त्रीवाला वर बघायला लागला. आनंद तिला झाला खरा, पण तो क्षणभराचाच. कारण अपडेट नसेल तर कॅमेरा गेला, आणि रविवारच्या दुपारी दुसरा कॅमेरा पैदा करून पालखी निघायच्या आत बसवणं काही शक्य नव्हतं. ती खुर्चीवर मटकन बसली.

तात्यांना ना पट्टी कळत होती ना पेन ड्राइव्ह. ते समोर बघत होते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर नेमका तो कॅमेराच येत होता. बराच वेळ त्यांनी त्याच्या डोळ्यात डोळा घालून पाहिलं आणि म्हणाले, "दसऱ्याचा गंध अजून कसा चिकटलेला असा बग. घट्ट लावलंस गो तू."

मेघनानं मान वर केली.

कॅमेऱ्याच्या भिंगाच्या वर, अगदी मधोमध, हळदकुंकवाचा टिळा होता. वाळून दगड झालेला. आणि तो टिळा खोलीतल्या प्रत्येकानं गेले कित्येक दिवस पाहिला होता. पण कपाळावर कुंकू असलेली वस्तू आपल्याकडे कुणाच्या डोळ्यांना खुपते? तिजोरीला असतं, रिक्षेला असतं, वजनकाट्याला असतं. खुपलं असतं ते नसतं तर.

टिळा लावला होता मेघनानंच. तिचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. दसऱ्याला ते साचा धुवायचे, झेंडूची माळ घालायचे, टिळा लावायचे आणि छोट्या मेघनाला खांद्यावर घेऊन दाखवायला न्यायचे. आपला घास या लोखंडातून येतो, असं ते म्हणत. गिरणी गेली, साचा गेला, पण दसरा मेघनानं सोडला नाही. कॉलेजात कुणी हसेल म्हणून तिथे ती फक्त एक फूल ठेवायची. मंडळाच्या कॉम्प्युटरची मात्र यथासांग पूजा. या वर्षी कॅमेरा नवा, म्हणून त्याला खास टिळा. भिंगात जाऊ नये म्हणून तिनं काय काळजी घेतली होती! नीट बोट टेकवून, डोळ्याच्या वर, कपाळ असावं तिथे.

आणि त्या कपाळावरच माइकचं टाचणीएवढं भोक होतं.

मेघना हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मीच बुजवलं हो तात्यानू! सगळं शोधलं, हे नाही शोधलं!" हितेंद्रही हसला. त्याला हसू आवरायचं कारणच नव्हतं.

पण ती पदराचं टोक घेऊन टिळा पुसायला गेली तशी झारेवाल्या बायांतल्या सर्वांत थोरल्या रमाबाई पुढे आल्या. "जत्रेच्या दिवशी कुंकू पुसतंस? अवदसा आठवली की काय तुका?"

सगळे थबकले. ही अडचण इंटरनेटवरच्या कुठल्याही फोरमवर सापडली नसती. पालखी निघायला आलेली, धोंडू खांबाशी उभा, आणि इकडे कुंकू पुसावं की पुसू नये यावर खोलीत दोन तट. मेघनानं तात्यांकडे पाहिलं. देवाधर्मातलं शेवटचं बोलणं त्यांचं.

तात्यांनी क्षणभर विचार केला. "पुसू नको," ते म्हणाले. "न्हाणय. मूर्तीचा कुंकू आमी पुसतंव काय? न्हाणयतंव, आणि मग नवीन लावतंव. जा, श्रेयाकडसून माझी मलमपट्टीची पिशवी आण."

पिशवीत खुब्याच्या जखमेसाठी आणलेलं स्पिरिट होतं. श्रेयानं कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणल्या. रमाबाईंनी स्वतः आधी कॅमेऱ्यावरून फुलानं पाणी फिरवलं, म्हणजे नुसतंच हवेत, कारण मेघनानं त्यांचा हात वरच्या वर धरला. मग कॉलेजच्या लॅबमध्ये कधी झाला नसेल असा अभिषेक झाला. स्पिरिटची काडी, मग कोरडी काडी, मग टाचणीच्या टोकानं अलगद, श्वास रोखून. लाल चिखल निघाला, पिवळा निघाला आणि भोक दिसलं. टिळ्याची नवी जागा रमाबाईंनीच ठरवली, कॉम्प्युटरच्या खालच्या डब्याच्या कुशीला, जिथे ना डोळा ना कान. मेघनानं पेन ड्राइव्ह काढून कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू केला आणि देवळाशी पुन्हा जोडणी केली.

तात्यांनी नारळ उचलला. ते खाकरले.

हिरवी पट्टी टोकापर्यंत उडाली.

"आयला!" हितेंद्र म्हणाला, आणि देवाचं काम चाललंय हे आठवून त्यानं जीभ चावली.

"प्रिती, येता काय गो ऐकाक?"

"तात्यानू, कानात बसलात जणू!" तिकडून उत्तर आलं, आणि देवळातली माणसं पडद्याकडे वळली.

तात्या उठले. श्रेयानं वॉकर पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला आणि टेबलाची कड धरून उभे राहिले. त्यांचा आवाज खोलीत मावेना.

"बा देवा रवळनाथा, बारा वाडीच्या धन्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोली म्हणाली. आणि मग शांतता. तात्या थांबले. गाव बोलत नव्हतं. मुंबईचा शब्द गावात पोचायला आणि गावचा परत यायला जरा वेळ लागतो, हे मेघना त्यांना सांगायला विसरली होती. आणि तेवढ्यात स्पीकरमधून सगळं देऊळ एका तोंडानं गरजलं:

"व्हय म्हाराजा!"

तात्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मेघनानं मान फिरवली. मग मात्र ते थांबले नाहीत.

"आज तुझी थोडी लेकरां हय असत, थोडी थय असत. मधी डोंगर असा, खाडी असा, तरी तुका एकाच तोंडान साकडा घालतत. कोणाच्या घरात आजार असात, कोणाच्या पोटात राग असात, कोणाच्या पोराक काम नसात, ता तूच मार्गाक लाव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इकडून. आणि एका श्वासानंतर तिकडून.

"आणि आमच्या ह्या यंत्राक आमीच भक्तीन बहिरा करून ठेवला, ती चूक पदरात घे. आणि ज्या लेकरान तेचो कान मोकळो केल्यान, तेच्या पाठीशी उभो रव, म्हाराजा!"

इथे होकार यायला उशीर लागला, कारण दोन्हीकडची माणसं हसत होती. हितेंद्रचा "व्हय" सगळ्यांत मोठा होता, हे मेघनानं नोंदवून ठेवलं.

गाऱ्हाणं संपलं. तात्या खुर्चीत टेकले, दमलेले, लाल झालेले. पडद्यावर धोंडू पुढे आला. त्याचा नारळ अजून तसाच हातात होता, न फोडलेला.

"धोंडू," तात्या म्हणाले, आणि आवाज जरा खाली आला, "यंत्र सुधारला नसता तर आज तू उभो रवलो असतंस."

"उभो रवलंयच असतंय तात्यानू," धोंडू म्हणाला. "पण तोंड उघडूचंय नाय, असा घरातसूनच ठरवून इललंय. नारळ ठेवून गप रवणार होतंय. देवाक तुमचो आवाज ओळखीचो. माझो खयसून असात?"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तिनं तोंड पुसलं आणि मागे वळून सुनेला हाक मारली.

"श्रेया, माका वाढ गो. भात जास्ती घाल. आणि वडे हत काय, की सगळे संपवलास?"